परसातल्या भाडेकरूंचं वेळापत्रक

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला, की दक्षिण फ्लॉरिडातली काही माणसं सकाळी उठल्याउठल्या आभाळाकडे बघू लागतात. त्यांच्या परसात पंधरा-वीस फुटी खांब असतो. खांबाच्या टोकाला पांढऱ्या रंगाचं, दहा-बारा खोल्यांचं छोटेखानी घर, नाहीतर आडव्या दांड्यांना टांगलेले पांढरे भोपळे. खोल्यांची दारं अजून बुचं लावून बंद केलेली. मग एक दिवस उंचावरून घशातल्या घशात घोळवल्यासारखी चिवचिव ऐकू येते, काळपट निळा पक्षी दोन घिरट्या घालून खांबावर उतरतो आणि घरातलं माणूस वही काढून तारीख टिपतं. दर वर्षीच्या तारखा अशा एकाखाली एक लिहीत गेलं, की वहीत एक गोष्ट दिसायला लागते. थंडी लवकर सरो की रेंगाळो, ही तारीख फारशी हलत नाही.

पक्ष्याचं नाव पर्पल मार्टिन. उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांमध्ये हा आकाराने सर्वांत मोठा. लांबी वीस सेंटिमीटरच्या आसपास, वजन पन्नास-पंचावन्न ग्रॅम. हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर रांगेने बसणाऱ्या माळभिंगऱ्या याच्याच कुळातल्या. नावात जांभळा असला तरी अंगावर तो रंग नाही. प्रौढ नर नखशिखांत निळसर काळा असतो आणि ही चकाकी पिसांच्या बारीक रचनेवर प्रकाश पडून येते. मादीचं पोट मळकट पांढरं, आणि एक वर्षाचा नरही बराचसा तिच्यासारखाच दिसतो. पुरा काळा व्हायला त्याला दुसरं वर्ष उलटावं लागतं. या एका वर्षाच्या पक्ष्याकडे लक्ष असू द्या, कारण शेवटी सगळं त्याच्यापाशी येऊन थांबणार आहे.

खांब रोवणारी माणसं स्वतःला 'लँडलॉर्ड' म्हणवतात. म्हणजे घरमालक. ही केवळ कौतुकाची भाषा नाही. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे मार्टिन आज जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरांतच अंडी घालतात. झाडातली सुतारपक्ष्याची जुनी ढोली त्यांनी सोडूनच दिली. पश्चिमेला पॅसिफिक किनाऱ्यावरचे मार्टिन अजून वठलेल्या झाडांच्या ढोल्या वापरतात, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातली उपजात सग्वारो नावाच्या उंच निवडुंगातली भोकं. तिथे उन्हाळ्याच्या मध्यावर वळवासारखा मोसमी पाऊस येतो आणि हे वाळवंटी मार्टिन आपली वीण त्या पावसाच्या सुमाराला आणून ठेवतात. पूर्वेकडच्यांचं तसं नाही. त्यांचं घर माणूस देईल तेव्हा आणि देईल तिथे.

ही सवय लावली मूळ अमेरिकन लोकांनी. पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय, की चोक्टॉ आणि चिकसॉ जमातीचे लोक झोपडीजवळच्या कोवळ्या झाडाच्या फांद्या फूट-दोन फूट ठेवून छाटतात आणि त्या खुंट्यांना पोखरलेले भोपळे टांगतात. मिसिसिपीच्या काठी मळ्यांवर राबणारे कृष्णवर्णीय गुलामही लांब बांबूंवर तसेच भोपळे लावत, हेही त्याने नोंदवलं आहे. भोपळा कुठला, तर आपल्या दुध्याचाच, म्हणजे मिरजेचे कारागीर ज्या वेलाच्या फळातून तंबोऱ्याचा भोपळा घडवतात त्याच जातीचा. वाळून टणक झाला, आतला गर काढला, बाजूला दोन इंची भोक पाडलं, की एका जोडप्याची सोय झाली. बदल्यात मार्टिन कावळ्या-गिधाडांना वाळत घातलेल्या मांसापासून आणि कातड्यांपासून हुसकून लावत. पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी भोपळ्याऐवजी लाकडी पेट्या केल्या. पक्षिचित्रकार ऑडुबनच्या काळात खेड्यातल्या जवळजवळ प्रत्येक खानावळीच्या पाटीवर मार्टिनची पेटी असे आणि पेटी जितकी देखणी तितकी खानावळ चांगली, असा ठोकताळा त्याने प्रवासात बसवला होता.

विसाव्या शतकात या नात्यात धंदा शिरला. इलिनॉयमधल्या ग्रिग्सव्हिल गावात जे. एल. वेड नावाच्या उद्योजकाने १९६० च्या दशकात ॲल्युमिनियमची मार्टिन-घरं विकायला काढली आणि एक मार्टिन दिवसाला दोन हजार डास खातो असा प्रचार जोरात चालवला. गाव स्वतःला देशाची मार्टिन-राजधानी म्हणवू लागलं. हर्बर्ट केल या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हा दावा तपासला आणि मोडीत काढला. मार्टिन दिवसा आणि उंचावर शिकार करतो, डास संध्याकाळी आणि जमिनीलगत उडतात. दोघांची गाठ पडणार कधी? त्याच्या पोटात सापडतात चतुर, फुलपाखरं, भुंगेरे, माश्या आणि उडत्या मुंग्या. अलीकडे तर असं दिसून आलंय, की परदेशातून घुसलेल्या डंखी 'फायर अँट' मुंग्यांच्या पंखवाल्या राण्या हे त्यांचं मोठं खाद्य आहे. ही कामगिरी डासांपेक्षा कमी मोलाची नाही, पण घरं खपली ती डासांच्या नावावर.

आता तारखेकडे. सर्वांत आधी येणाऱ्या पक्ष्याला लँडलॉर्ड मंडळी 'स्काउट' म्हणतात, म्हणजे टेहळ्या. समजूत अशी, की थवा मागे थांबलेला असतो आणि हा एकटा पुढे येऊन घर जागेवर आहे ना, हवा बरी आहे ना, हे बघून परत जातो आणि बाकीच्यांना घेऊन येतो. या समजुतीला वरवर आधारही आहे. पहिला पक्षी एखादा दिवस दिसतो, मग तीन-चार दिवस दिसत नाही आणि नंतर चार-सहा जण एकदम उतरतात. पण गायब झालेला पक्षी निरोप द्यायला गेलेला नसतो. कधी तो दूरवर तळ्याकाठी किडे शोधत असतो, कधी तो मुळात उत्तरेकडचा असतो आणि वाटेत रात्रीपुरता टेकलेला असतो. हजारो किलोमीटर उडून आल्यावर इतरांसाठी उलटा फेरा मारणं कुठल्याच पक्ष्याला परवडणारं नाही. टेहळ्या मानलेला पक्षी फक्त स्वतःसाठी आलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा वसाहतीतल्या जुन्या, अनुभवी पक्ष्यांपैकी असतो. गेल्या वर्षी याच खांबावर पिल्लं वाढवलेला.

मार्टिनचं आगमन समजून घ्यायचं तर वय ही गुरुकिल्ली आहे. आधी प्रौढ नर, त्यांच्या मागोमाग प्रौढ माद्या आणि मग बऱ्याच अंतराने एक वर्षाची तरुण मंडळी. पेनसिल्व्हेनियात १९८७ साली सुरू झालेली पर्पल मार्टिन कॉन्झर्वेशन असोसिएशन दर वर्षी हजारो घरमालकांकडून पहिल्या आगमनाच्या तारखा गोळा करते. त्यातून उभं राहणारं चित्र साधारण असं: दक्षिण फ्लॉरिडात जानेवारीच्या पूर्वार्धात, टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, टेनेसीत मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, पेनसिल्व्हेनियात एप्रिल लागल्यावर, मिनेसोटात एप्रिलच्या मध्यानंतर, आणि कॅनडात आल्बर्टापर्यंत पोचायला एप्रिलअखेर किंवा मे. म्हणजे एकाच जातीच्या पक्ष्यांची 'वसंतातलं परतणं' साडेतीन-चार महिने चालतं. फ्लॉरिडातल्या जोडप्याची पिल्लं उडायला झालेली असतात तेव्हा कॅनडातलं जोडपं कुठे काड्या गोळा करत असतं.

इतक्या लवकर येऊन पक्षी करतात काय? गंमत अशी, की ताबडतोब काहीच करत नाहीत. टेक्सासात फेब्रुवारीत उतरलेली मादी अंडी घालते मार्चअखेर नाहीतर एप्रिलात. उत्तरेतही येणं आणि घरटं बांधायला घेणं यांत तीन-चार आठवडे जातात. मधला सगळा काळ जागा अडवून बसण्याचा. मार्टिन वसाहतीने राहतात, तरी आवडत्या खोलीवरून त्यांची जुंपतेच. वरची, मोठी, घुबडाच्या पंजापासून जरा सुरक्षित खोली जो आधी येईल त्याची, आणि जोडीदारही बहुधा त्यालाच आधी मिळतो. नर सुरुवातीला दोन-दोन, तीन-तीन खोल्यांवर हक्क सांगून बसतो आणि गर्दी वाढली की एकेक सोडत जातो. वर्षाला बहुधा एकच वीण, चार ते सहा अंडी. ती लवकर घातली की पिल्लांना उडायला, पोसायला आणि दक्षिणेकडे निघण्याआधी अंगावर चरबी चढवायला जास्त दिवस मिळतात.

पण लवकर येण्याची किंमतही आहे, आणि ती जिवाची. मार्टिन खातो ते फक्त उडता किडा. दाणे नाहीत, फळं नाहीत, जमिनीवरच्या अळ्याही नाहीत. तापमान नऊ-दहा अंश सेल्सियसच्या खाली गेलं किंवा पावसाची झड लागली, की किडे उडायचे थांबतात आणि मार्टिनची उपासमार सुरू होते. तीन-चार दिवस तो कळ काढू शकतो, त्यापुढे मरतो. थंडीत ते एकाच खोलीत दाटीवाटीने बसतात, आणि कधी घरमालकाला दार उघडल्यावर एकावर एक पडलेली कलेवरंच सापडतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर जी भयंकर शीतलाट आली, ज्यात लाखो घरांची वीज गेली, तिने नुकतेच उतरलेले मार्टिन मोठ्या संख्येने मारले. मोसम सरत आला तरी धोका टळलेला असतोच असं नाही. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळाच्या सलग पावसाने पेनसिल्व्हेनिया आणि आजूबाजूच्या राज्यांतल्या वसाहतीच्या वसाहती, पिल्लं आणि मोठे पक्षी दोन्ही, संपवल्या आणि कित्येक खांब त्यानंतर वर्षानुवर्षं रिकामे राहिले.

अशा थंडीत घरमालक एक अजब उपाय करतात. दुकानात मिळणारे रातकिडे आणतात आणि प्लॅस्टिकच्या चमच्याने, गोफणीसारखे, एकेक करून पक्ष्यासमोर हवेत उडवतात. ताटलीत ठेवलेला किडा मार्टिनला अन्न वाटतच नाही, हवेत उडालेला वाटतो! काही पक्षी दोन-तीन फेकींतच शिकतात, आणि एकाने झेललेला बघून बाकीचे. रातकिडे संपले तर घोटून शिजवलेल्या अंड्याचे तुकडेही चालतात. एकदा सवय झाली, की मग उंचावर ठेवलेल्या तबकातूनही ते उचलतात. पन्नास ग्रॅमच्या रानपाखराला भर थंडीत आमलेट भरवणारा माणूस मला व्यक्तिशः फार आवडतो. पण हे करताना आपण निसर्गाच्या चाळणीत हात घालतो आहोत, हेही खरं. फार लवकर येणारे मरतात आणि फार उशिरा येणाऱ्यांना जागा मिळत नाही, या कात्रीच्या दोन पात्यांच्या मधोमध प्रत्येक प्रदेशाची तारीख पिढ्यान्‌पिढ्या बसत आलेली आहे.

पक्षी येतो तो ब्राझीलहून. हे ठाऊक होतं. साओ पाउलो राज्यातल्या शहरांच्या चौकांत हिवाळ्यातल्या, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातल्या, मार्टिनांचे थवे झाडांवर मुक्कामाला येतात हे जुनंच निरीक्षण. पण कुठला पक्षी कुठून, कोणत्या वाटेने, किती दिवसांत येतो हे कळायला २००७ साल उजाडावं लागलं. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या ब्रिजेट स्टचबरी यांनी त्या वर्षी उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या वीस मार्टिनांच्या पाठीवर 'जिओलोकेटर' बसवले. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या तंत्रज्ञांनी घडवलेलं हे यंत्र सव्वा-दीड ग्रॅमचं. ते उपग्रहाशी बोलत नाही, फक्त उजेड मोजतं आणि वेळ नोंदवतं. सूर्योदय आणि सूर्यास्त कधी झाले ते कळलं, की दिवसाच्या लांबीवरून अक्षांश निघतो आणि माध्यान्ह कधी झाली यावरून रेखांश. दर्यावर्दी लोकांची जुनी विद्या, चिपवर बसवलेली. विषुवदिनाच्या सुमारास मात्र तिची पंचाईत होते, कारण तेव्हा पृथ्वीवर सगळीकडे दिवस सारखाच.

या यंत्राची आणखी एक अडचण होती. त्यातली माहिती मिळवायला तोच पक्षी पुन्हा हातात यावा लागतो. पक्षी ब्राझीलला जाऊन परत येणार, आणि तुम्ही त्याला कुठे शोधणार? मार्टिनच्या बाबतीत उत्तर सोपं होतं: त्याच खांबावर. २००८ च्या वसंतात वीसपैकी दोन पक्षी यंत्रासह पकडता आले. दोनच, पण त्या दोघांनी जे सांगितलं त्याने पक्षिशास्त्रात खळबळ उडाली. एक मादी शरदात ब्राझीलला जाताना वाटेत मुक्काम करत करत ४३ दिवसांत पोचली होती. परत येताना तिने तेच घर गाठलं १३ दिवसांत. साडेसात हजार किलोमीटर, दिवसाला सरासरी ५७७ किलोमीटर. तोवरचे अंदाज याच्या जवळपासही नव्हते. हे निष्कर्ष २००९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' नियतकालिकात छापून आले. जाताना घाई कशाला असेल? पुढे कुणी खोली बळकावणार नसतं. येताना प्रत्येक दिवस मोलाचा.

नंतरच्या वर्षांत फ्लॉरिडापासून आल्बर्टापर्यंत शेकडो पक्ष्यांवर यंत्रं बसली. मॅनिटोबा विद्यापीठातले केव्हिन फ्रेझर आणि त्यांचे सहकारी यात पुढे होते. त्यातून कळलं, की बहुसंख्य मार्टिन हिवाळा काढतात तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात. आणि खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. मानाउसच्या आसपास, विषुववृत्तापासून तीन अंशांवर, वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत वीस-बावीस मिनिटांचाच फरक. थंडी नाही, बर्फ वितळणं नाही, पालवी नाही. तिथून आणखी दक्षिणेला असलेल्या पक्ष्याला तर उलटंच दिसतं: डिसेंबरनंतर घरी पेनसिल्व्हेनियात दिवस वाढत असतात आणि त्याच्या डोळ्यांपुढे ते लहान होत असतात. मग निघायचं कधी, हे त्याला सांगतं कोण?

पक्ष्याच्या आत वर्षभराच्या लयीचं एक घड्याळ असतं आणि ते प्रकाशाच्या सूक्ष्म बदलांवर लावलं जातं, हे उत्तर आता सर्वमान्य आहे. त्याची रचना अंशतः जन्मजात, अंशतः पिलूपणी घडलेली. फ्रेझर यांच्या गटाने घरट्याच्या पेटीत बारीक एलईडी दिवे लावून पिल्लांना अनुभवाला येणारा दिवस लांबवून पाहिला आणि त्याचा त्यांच्या पुढच्या प्रवासाच्या तारखांवर परिणाम दिसला. म्हणजे आपण ऋतूच्या कोणत्या टप्प्यावर जन्मलो, याची खूण पिलू घरट्यातच मनाशी बांधतं.

हे घड्याळ बाहेरच्या हवेचं किती ऐकतं, याची परीक्षा निसर्गानेच एकदा घेतली. २०१२ चा मार्च अमेरिकेच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पेनसिल्व्हेनिया-व्हर्जिनियात झाडांना अवेळी पालवी आली, किडे लवकर बाहेर पडले. मार्टिन लवकर आले असते तर मेजवानी होती. त्या वर्षी यंत्रं पाठीवर असलेले पक्षी मागच्या वर्षांतल्या पक्ष्यांशी ताडून पाहिले, तर ते ना ॲमेझॉनातून लवकर निघाले होते, ना वाटेत वेग वाढवून लवकर पोचले होते. सहा-सात हजार किलोमीटरवरच्या उष्णतेची बातमी त्यांना कळायला मार्गच नव्हता, आणि कळण्याइतकं उत्तरेला येईपर्यंत प्रवास संपत आलेला असतो.

यातून 'मार्टिन बदलूच शकत नाही' असं अनुमान काढण्याची घाई नको. एकाच वसाहतीतले पक्षी वेगवेगळ्या दिवशी येतात, तोच पक्षी वर्षागणिक थोडाफार मागे-पुढे होतो, आणि निवडीला काम करायला एवढी विविधता पुरते. पण निवड म्हणजे पिढ्यांचं काम, आणि त्यात मरणारे मरतात. ऋतू मात्र मार्टिनच्या पिढ्या मोजत थांबणार नाही. हवेत किडे पकडणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांची संख्या उत्तर अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत घटते आहे आणि मार्टिन त्यात आहे. किड्यांचा बहर आणि पिल्लांची भूक यांचा मेळ चुकणं हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

उलट, घड्याळ भलत्याच दिशेने हलवणारी एक गोष्ट सापडली आहे, आणि ती आपलीच करणी. ती म्हणजे विजेचा उजेड, ज्यात दक्षिण अमेरिकेत काही मार्टिन रात्री काढतात. जिओलोकेटर उजेडच मोजत असल्याने रात्रीचा दिवाही त्याच्या नोंदीत उतरतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या पक्ष्यांनी दहा किंवा अधिक रात्री कृत्रिम उजेडात काढल्या, ते अंधारात झोपणाऱ्यांपेक्षा सरासरी आठ दिवस आधी निघाले आणि घरीही आठ दिवस आधी पोचले. वरवर पाहता बरंच झालं म्हणावं. पण हे आठ दिवस पेनसिल्व्हेनियातली थंडी बघून ठरलेले नाहीत, ब्राझीलमधल्या रस्त्यावरचा दिवा बघून ठरलेले आहेत. एप्रिलमधल्या एका बर्फाच्या झोडपणीत त्यांचा हिशेब चुकता होतो.

इकडे खांबाखालच्या माणसाचंही एक वेळापत्रक असतं, आणि ते पक्ष्याच्या तारखेशी जुळलं नाही तर घर हातचं जातं. कारण मार्टिनची खोली बळकावायला दोन पक्षी टपलेले असतात आणि दोघंही अमेरिकेत माणसानेच आणले. घरचिमणी १८५० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये सोडली गेली. युरोपीय साळुंखी, म्हणजे स्टार्लिंग, १८९० आणि १८९१ मध्ये युजीन शिफेलिन या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात शंभरेक सोडल्या. आज त्या खंडभर आहेत. हे दोन्ही पक्षी हिवाळ्यात कुठे जात नाहीत, त्यामुळे मार्टिन मेक्सिकोच्या आखातावर असतो तेव्हाच त्यांनी घरटं मांडलेलं असतं. स्टार्लिंग तर मार्टिनला खोलीतच चोच मारून ठार करते. म्हणून जाणते घरमालक खोल्यांची बुचं पहिला मार्टिन दिसेपर्यंत काढत नाहीत आणि भोकही गोल न ठेवता चपट्या अर्धचंद्राचं ठेवतात. त्यातून मार्टिन सरपटत आत जातो, पण जाडजूड स्टार्लिंग अडकते. खांब झाडांपासून निदान चाळीस फूट दूर आणि माणसाच्या घराजवळ असावा लागतो. जंगलातल्या पक्ष्याला माणूस जवळ नको असतो. मार्टिनला हवा असतो, कारण माणूस असतो तिथे ससाणा कचरतो.

राहिली तरुण मंडळी. उत्तरेत ती जुन्यांनंतर महिना-सव्वा महिन्याने येतात, दक्षिणेत दोन-अडीच महिन्यांनी. जुने पक्षी, तेरा-तेरा वर्षं जगल्याच्याही नोंदी आहेत, आपल्या ठरलेल्या खांबावर जातात आणि सहसा तो सोडत नाहीत. तरुणांना घर नसतं. जन्मलेल्या वसाहतीत जागा भरलेली, म्हणून ते आसपासचे खांब धुंडाळत फिरतात. त्यांना बोलावतं एक खास गाणं. पहाटेच्या काळोखात, उजाडायच्या आधी, प्रौढ नर उंच आभाळात घिरट्या घालत ते गातात. युजीन मॉर्टन या शास्त्रज्ञाने त्याचा जो अर्थ लावला तो जरा खट्याळ आहे. म्हातारा नर तरुण जोडप्यांना शेजारी राहायला बोलावतो, कारण तरुण नराच्या मादीशी संग साधून आपली काही पिल्लं त्याच्या घरट्यात वाढवून घेता येतात. डीएनए तपासणीत तरुण नरांच्या घरट्यांत परक्या बापाची पिल्लं सापडली, तेव्हा या तर्काला बळकटी आली. घरमालकांनी यातून आपला फायदा काढला: या गाण्याचं ध्वनिमुद्रण पहाटे लावून ठेवायचं आणि वाट बघायची.

ह्यूस्टन-डॅलसच्या किंवा न्यू जर्सीतल्या वस्तीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तळ्याकाठी असे खांब पाहिले असतील आणि एखादा आपल्या परसात लावावा असंही मनात आलं असेल. त्यांनी शेजारच्या खांबावर पहिला मार्टिन उतरल्याची बातमी ऐकून लगेच दारं उघडू नयेत. तो पक्षी आपल्या जुन्या घरी आला आहे, तुमच्या नव्या घराकडे ढुंकून बघणार नाही, आणि तेवढ्यात चिमण्या आत शिरतील. बुचं काढायची ती तरुण पक्षी यायला लागल्यावर. १९१८ च्या कायद्याने मार्टिनला संरक्षण आहे, त्यामुळे एकदा जोडपं बसलं की घरटं हलवता येत नाही; चिमण्या आणि स्टार्लिंग यांना ते संरक्षण नाही, त्यांचं घरटं काढून टाकायला मुभा आहे. आणि एप्रिल कोरडा गेला म्हणून खांब उतरवू नका. टेक्सासात मे संपेपर्यंत आणि न्यू जर्सीत जून अर्धा सरेपर्यंत एक वर्षाचे मार्टिन घर शोधत फिरत असतात, आणि नव्या खांबावर पहिलं बिऱ्हाड जवळजवळ नेहमी त्यांचंच असतं.